आकस्मिक स्मृतिलोप, सूक्ष्म पक्षाघात आणि मेंदूचे प्रतिमाचित्रण : एक ऐतिहासिक अभ्यास (कामोठे परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

'अंगावरून वारे गेले' एवढे म्हटले की मराठी माणसाला पुढचे काही सांगावे लागत नाही. वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात, ओढत टाकलेला पाय, बोबडी वळलेली जीभ हे सारे त्या तीन शब्दांत येते. 'अर्धांगवायू' आणि 'पक्षाघात' या शब्दांतही शरीराची एक बाजू निकामी होणे हीच रोगाची खूण मानलेली आहे. रोगाचे नाव त्याच्या दिसणाऱ्या रूपावरून पडावे हे स्वाभाविक आहे. परंतु नाव एकदा रूढ झाले की जे रूप त्या नावात मावत नाही ते रोगाच्याच बाहेर राहते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या या विकाराचा एक विरळ प्रकार असा आहे, की ज्यात हात उचलतो, पाय चालतो, तोंड सरळ राहते आणि वाणीही स्पष्ट असते. जाते ती केवळ स्मृती, तीही एकाएकी. सकाळी घरातून निघालेला मनुष्य दुपारी आपण कोठून आलो हे सांगू शकत नाही. त्याला उत्तर द्यावे, तर पाच मिनिटांत तो तोच प्रश्न नव्याने विचारतो. स्वतःचे नाव, आईवडिलांचे नाव, तीस वर्षांपूर्वीची नोकरी हे मात्र त्याला ठाऊक असते. 'अस्तु' या २०१३ सालच्या मराठी चित्रपटाने ज्या स्मृतिऱ्हासाची ओळख आपल्या प्रेक्षकांना करून दिली तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा विकार होय. येथे विचारात घेतलेला स्मृतिलोप त्याहून निराळा आहे. तो घड्याळ पाहून सांगता येईल अशा क्षणी सुरू होतो.

हा क्षण सांगायचा कोणी, हाच या विषयाचा गाभा आहे. ज्याला तो अनुभवावा लागला त्याच्याजवळ त्याची आठवणच नसते. छातीत दुखणारा रुग्ण आपले दुखणे सांगतो. स्मृती गेलेला रुग्ण आपल्याला काही झाले आहे हेही कित्येकदा मान्य करीत नाही. साक्षीदारच फितूर झालेल्या खटल्यासारखी ही स्थिती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिमाचित्रणाच्या तंत्राने या खटल्यात एक नवा दस्तऐवज दाखल केला. तो दस्तऐवज कसा घडला, त्याने काय सिद्ध केले आणि कोठे दिशाभूल केली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. प्रतिमा हा दस्तऐवज असेल, तर दस्तऐवजाला लागू असलेले इतिहासाचे नियमही तिला लागू होतात. तो कोणत्या वेळी तयार झाला आणि त्याला स्वतंत्र साक्षीचा आधार आहे काय, हे विचारल्याविना तिच्यावर निवाडा देता येत नाही, अशी या निबंधाची भूमिका आहे.

शब्दांत न मावलेला रोग

आयुर्वेदाच्या परंपरेत स्मृतीचा विचार गौण नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धी, धृती आणि स्मृती या तिन्हींच्या भ्रंशाची चर्चा आहे आणि तो भ्रंश प्रज्ञापराधाच्या मुळाशी मानला आहे. चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात पक्षाघात येतो. 'अपस्मार' हा शब्द आज आपण फेफऱ्यासाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ मात्र स्मृती निघून जाणे असा आहे. म्हणजे एकाएकी स्मृती जाणे ही घटना प्राचीन वैद्यांना माहीत होती, परंतु ती पक्षाघाताच्या कुळात न बसवता वेगळ्या कुळात बसवली गेली. यात त्यांची चूक झाली असे म्हणण्याचे कारण नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून वर्गीकरण करणाऱ्या कोणत्याही वैद्यकाने हेच केले असते, आणि युरोपच्या वैद्यकानेही पुढे कित्येक शतके हेच केले.

साहित्याने या अनुभवाला दुसरे रूप दिले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली मराठी रंगभूमीवर आणलेल्या 'शाकुंतला'त दुष्यंताचे विस्मरण शापाने येते आणि अंगठी दिसताच संपते. पुढे हिंदी आणि मराठी चित्रपटांनी शापाच्या जागी डोक्यावरचा आघात आणला व अंगठीच्या जागी दुसरा आघात. नायक स्वतःचे नावगाव विसरतो, आणि नेमक्या प्रसंगी त्याला सारे आठवते. प्रत्यक्षात मेंदूच्या इजेने येणारा स्मृतिलोप बहुधा याच्या उलट असतो. नाव राहते, काल गेलेला असतो. पडद्यावरच्या विस्मृतीने आपल्या मनात जी अपेक्षा निर्माण केली आहे तिच्यामुळे खरा रुग्ण 'नाटक करतो' असे घरच्यांना वाटण्याचा धोका राहतो.

कोकणपट्टीत आणखी एक शब्द आहे, 'चकवा'. पायाखालच्या वाटेवर माणूस भरकटतो, त्याच त्या जागी पुन्हा येतो, आणि नंतर काय घडले हे त्याला सांगता येत नाही; त्याला चकवा लागला असे म्हणतात. प्रत्येक चकव्यामागे मेंदूचा विकार शोधू नये. अंधार, थकवा आणि भय ही कारणे पुरेशी असतात. तथापि वाट चुकलेल्या माणसाच्या बाबतीत गावाजवळ तयार असलेले स्पष्टीकरण हे होते, आणि 'बाहेरचे लागले', 'भ्रमिष्ट झाला' ही त्याच्या शेजारची स्पष्टीकरणे होती. अशा माणसाला वैद्याकडे नेण्याआधी दुसरीकडे नेले जाणे त्या शब्दांतच ठरून जात असे.

शवविच्छेदनाने दिलेला पुरावा

स्मृतीच्या विकारांचा आधुनिक अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आकाराला आला. थिओड्यूल रिबो याचा स्मृतिविकारांवरील ग्रंथ १८८१ सालचा. जुन्या आठवणी टिकतात व नव्या आधी जातात हे त्याने नियमरूपाने मांडले. रशियन वैद्य सर्गेई कोर्साकोव्ह याने १८८७ पासून मद्यासक्त रुग्णांतील विस्मृतीचे वर्णन केले. या दोघांजवळ रुग्णाचे वर्तन होते, मेंदू नव्हता. १९०० साली व्लादिमीर बेख्तेरेव याने तीव्र विस्मृती असलेल्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसच्या भागात मऊपणा आल्याचे दाखवले. आज हा शोध मूलभूत वाटतो. त्या काळी तो जवळजवळ दुर्लक्षित राहिला. स्मृती मेंदूच्या एका कोपऱ्यात राहते ही कल्पनाच अनेकांना अमान्य होती. अमेरिकेतील कार्ल लॅशली याने उंदरांवर दीर्घकाळ प्रयोग करून, १९५० साली, स्मृतीची नेमकी जागा आपल्याला सापडली नाही असे लिहिले.

हा वाद १९५७ साली फिरला, तोही एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळे. १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने हेन्री मोलेसन या तरुणाचे फेफरे थांबावे म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा भाग काढून टाकला. फेफरे कमी झाले, परंतु नवी आठवण साठवण्याची त्याची शक्ती कायमची गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी स्कोव्हिलसमवेत १९५७ साली ही हकिकत प्रसिद्ध केली. त्यानंतरची पन्नास वर्षे, २००८ साली मृत्यू येईपर्यंत, हा मनुष्य वैद्यकीय वाङ्मयात 'एच.एम.' या दोन अक्षरांनी ओळखला जात राहिला.

मोलेसनचे उदाहरण शस्त्राने झालेल्या इजेचे होते. तीच इजा रक्तपुरवठा तुटल्यानेही होऊ शकते हे १९६१ साली मॉरिस व्हिक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या शवविच्छेदनातून दाखवले. मेंदूच्या पश्च धमनीच्या क्षेत्रात दोन्ही बाजूंना झालेल्या पक्षाघाताने हिप्पोकॅम्पस नष्ट झाला होता. १९७४ साली फ्रँक बेन्सन, डेव्हिड मार्सडन आणि जॉन मेडोज यांनी पश्च धमनी बंद पडल्याने येणाऱ्या विस्मृतीचे स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून वर्णन केले. 'पक्ष' नसलेला पक्षाघात असा पाठ्यपुस्तकांत शिरला.

याच सुमारास दुसरा प्रवाह सुरू होता. मिलर फिशर आणि रेमंड अॅडम्स यांनी १९५८ साली थोडक्यात आणि १९६४ साली १७ रुग्णांच्या आधारे सविस्तर अशा एका स्थितीचे वर्णन केले, जिच्यात पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाची स्मृती काही तासांपुरती पूर्णपणे जाते आणि चोवीस तासांच्या आत परत येते. त्या तासांची आठवण तेवढी कधीच येत नाही. या स्थितीला क्षणिक सार्वत्रिक स्मृतिलोप म्हणता येईल. तिच्यात कोणी दगावत नसल्याने शवविच्छेदनाचा मार्ग जवळपास बंद होता. हा पक्षाघाताचाच छोटा भाऊ आहे, फेफऱ्याचा प्रकार आहे की तिसरेच काही, हा प्रश्न त्यामुळे जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय होईपर्यंत अधांतरी राहिला.

सावलीपासून छेदापर्यंत

ती सोय एकदम आली नाही. क्ष-किरणांना कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. १९१८-१९ मध्ये वॉल्टर डँडी याने मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून त्यांचा आकार क्ष-किरणांनी टिपला. १९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ याने मानेतील धमनीत द्रव्य टोचून रक्तवाहिन्यांचे जाळे दाखवले. दोन्ही पद्धती वेदनादायक आणि जोखमीच्या होत्या. दोन्हींत मेंदूचे अनुमान त्याच्या शेजाऱ्यांवरून करावे लागे. केवळ स्मृती गेली आहे अशा, एरवी धडधाकट माणसाला त्यांतून जायला लावणे कोणा वैद्याला सहज पटण्यासारखे नव्हते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद चित्रित झाला. ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ई.एम.आय. कंपनीत हाउन्सफील्ड अभियंता होते. ते पहिले चित्र ८० गुणिले ८० चौकटींचे, आजच्या डोळ्याला ओबडधोबड वाटेल असे होते. तरी मेंदूचा पदार्थ प्रथमच कवटी न उघडता दिसला. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि अॅलन कॉर्मॅक यांना मिळाले.

याच १९७१ साली गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्यांवरून मूळ वस्तूचा छेद गणिताने पुन्हा उभा करण्याची एक सोपी आणि जलद रीत प्रसिद्ध केली. प्रथिनांच्या रचनेवरील कामामुळे रामचंद्रन आपल्या विज्ञानशाखांच्या प्राध्यापकांना परिचित आहेत. त्यांच्या या दुसऱ्या कामाचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. सी.टी. स्कॅनच्या चित्ररचनेत वापरली जाणारी 'राम-लॅक' गाळणी त्या दोघांच्या नावांचीच आद्याक्षरे घेऊन चालते. आपल्याकडच्या लेखनात हे तंत्र सर्वस्वी परदेशातून आयात झाल्यासारखे मांडले जाते. त्या मांडणीला हा तपशील जोडायला हवा.

सी.टी.ने स्मृतीच्या अभ्यासात पहिली मोठी भर टाकली ती 'एन.ए.' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत. १९६० साली तलवारबाजीच्या छोट्या पात्याचे टोक नाकपुडीतून मेंदूत शिरल्याने त्याची नवी स्मृती गेली होती. इजा नेमकी कोठे आहे हे जवळपास वीस वर्षे तर्काचा विषय होते. १९७९ साली लॅरी स्क्वायर आणि रॉबर्ट मूर यांनी सी.टी.च्या आधारे डाव्या थॅलॅमसमधील इजा दाखवली. स्मृती केवळ हिप्पोकॅम्पसमध्ये राहत नाही, मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसकडे जाणाऱ्या वाटेवर कोठेही घाव बसला तरी ती तुटते, असा त्याचा अर्थ होता.

थॅलॅमसचा रक्तपुरवठा हे एक गुंतागुंतीचे प्रकरण आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ जेरार पर्शरों यांनी १९७३ साली दाखवून दिले, की काही माणसांत दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसच्या आतल्या भागाला एकच बारीक धमनी रक्त पुरवते. एका नळावर दोन घरे असावीत तसे. ती एक धमनी बंद पडली की दोन्ही बाजूंचा थॅलॅमस एकदम कोरडा पडतो आणि गुंगी, डोळे वरखाली फिरवण्यातील अडचण व स्मृतिलोप अशी लक्षणे दिसतात. १९८५ साली फॉन क्रॅमॉन आणि सहकाऱ्यांनी थॅलॅमसच्या पक्षाघाताने स्मृती गेलेल्या आणि न गेलेल्या रुग्णांची सी.टी. चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली. स्मृती गेलेल्यांमध्ये जो भाग समान निघाला त्यात थॅलॅमसकडे जाणारा एक बारीक तंतुमार्ग होता. घावाच्या आकारापेक्षा त्याची जागा निर्णायक ठरते हे त्यातून स्पष्ट झाले. मनगटाएवढा घाव मेंदूच्या एखाद्या भागात फारसा बोलत नाही, आणि तुरीच्या दाण्याएवढा घाव मोक्याच्या जागी पडला तर माणसाचा आजचा दिवस उद्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रतिमा सर्व काही दाखवते असे मात्र त्या दशकातही नव्हते. 'आर.बी.' हा रुग्ण १९७८ साली हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या रक्तपुरवठ्याच्या बिघाडात स्मृती गमावून बसला आणि १९८३ साली वारला. त्याच्या हिप्पोकॅम्पसमधील एकाच थरापुरता मर्यादित असलेला नाश १९८६ साली जगासमोर आला तो सूक्ष्मदर्शकाखाली. दुसऱ्या बाजूला, प्रतिमेने माणसाच्या लेखी साक्षीलाही दुरुस्त केले आहे. मोलेसनच्या मेंदूचा सुमारे आठ सेंटिमीटर भाग आपण काढला असा स्कोव्हिल यांचा अंदाज होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एम.आर.आय.च्या मोजणीत तो सुमारे पाच सेंटिमीटर भरला. स्वतः शस्त्रक्रिया केलेल्या शल्यविशारदाची नोंद चाळीस वर्षांनी चित्राने तपासली गेली. इतिहासाच्या अभ्यासकाला यातील मौज वेगळी सांगायला नको.

तारखेवाचून चित्र

चुंबकीय अनुस्पंदनावरून प्रतिमा काढण्याचे तत्त्व पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडले. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. पक्षाघाताच्या निदानात खरी उलथापालथ त्यातील एका उपशाखेने केली. पाण्याच्या रेणूंची पेशींच्या आसपास होणारी हालचाल चित्रात पकडण्याची रीत डेनिस ल बिआँ यांनी १९८५-८६ मध्ये विकसित केली. १९९० साली मायकेल मोझली यांच्या गटाने मांजरांवरील प्रयोगांत दाखवले, की धमनी बंद झाल्यापासून तासाभराच्या आत या चित्रात बाधित भाग उजळून दिसतो. साध्या सी.टी.मध्ये त्या वेळी बहुधा काहीच दिसत नाही. भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत या हालचालीला 'विसरण' म्हणतात. विसरलेल्या माणसाचा मेंदू विसरणाच्या चित्रात सापडावा हा निव्वळ शब्दांचा योगायोग असला, तरी तो विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो.

या तंत्राने अधांतरी राहिलेला जुना प्रश्न पुन्हा समोर आणला. क्षणिक सार्वत्रिक स्मृतिलोपाच्या रुग्णांत पक्षाघात दिसतो का? सुरुवातीच्या उत्तरांत मेळ नव्हता. काहींना ठिपके दिसत, काहींना अजिबात दिसत नसत. २००४ साली जर्मनीतील सेडलॅचेक आणि सहकाऱ्यांनी ३१ रुग्णांची चित्रे एकदाच न घेता पुनःपुन्हा घेतली. विकाराच्या पहिल्या तासांत केवळ २ रुग्णांत ठिपका दिसला. ४८ तासांनी तो २६ जणांत दिसला, हिप्पोकॅम्पसमध्ये, अवघ्या काही मिलिमीटरचा. म्हणजे स्मृती गेलेली असताना चित्र कोरे होते आणि स्मृती परत आल्यावर चित्रात खूण उमटली. आधीच्या संशोधकांचे मतभेद बऱ्याच अंशी यंत्राचे वा नजरेचे नव्हते, ते वेळेचे होते.

सामान्य पक्षाघातात क्रम बहुधा याच्या उलट असतो. तेथे ठिपका लवकर उजळतो आणि दोनेक आठवड्यांत मावळतो. त्यानंतर घेतलेल्या चित्रात जुना व्रण दिसतो, पण तो केव्हाचा हे सांगणे कठीण होते. त्यामुळे लक्षणे केव्हा सुरू झाली हे चित्राबाहेरून कळल्याखेरीज त्या ठिपक्याचा अर्थ लावता येत नाही. हिप्पोकॅम्पसमधील एकुलता बारीक ठिपका हा क्षणिक स्मृतिलोपाचा निरुपद्रवी अवशेष असेल, किंवा हृदयातून निघालेल्या गुठळीने झालेला पक्षाघात असेल. पहिल्या स्थितीचे मूळ कारण आजही वादग्रस्त आहे, परंतु तिच्यात रुग्णाला आणि कुटुंबाला धीर देणे हाच बहुतेक उपचार असतो. दुसऱ्या स्थितीत हृदयाचे ठोके, रक्तदाब, साखर, मानेतील धमन्या यांची तपासणी आणि बहुधा आयुष्यभराची औषधे ओघाने येतात. दोहोंत गल्लत झाली तर एकीकडे निरोगी माणूस जन्मभराचा रुग्ण होतो आणि दुसरीकडे पुढचा, कदाचित मोठा, पक्षाघात दाराशी येऊन बसतो.

प्रतिमेचे वजन मात्र वाढतच गेले. जागतिक आरोग्य संघटनेची पक्षाघाताची जुनी व्याख्या चोवीस तास टिकणाऱ्या लक्षणांवर उभी होती. अमेरिकेच्या हृदय व पक्षाघात संघटनांनी २०१३ साली मांडलेल्या व्याख्येत प्रतिमेतील पुराव्यालाही स्थान मिळाले. रोगाची ओळख अंगावरून चित्रावर सरकली, असे या बदलाचे वर्णन करता येईल. तरीही रुग्णाला दारातच ओळखण्याच्या चाचण्या अंगावरच अडलेल्या आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झालेली आणि आज जगभर भिंतीपत्रकांवर दिसणारी चाचणी चेहरा, हात आणि वाणी तपासते. पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी श्रेणीत रुग्णाला चालू महिना आणि स्वतःचे वय विचारतात. नवे काही लक्षात राहते का हे तपासणारा प्रश्न तिच्यात नाही. केवळ स्मृती गेलेला माणूस या दोन्ही चाळण्यांतून अलगद खाली पडतो. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत उपयोगी पडते हे १९९५ साली सिद्ध झाले आणि २००८ साली ती मर्यादा साडेचार तासांवर गेली. हा काळ कोणत्या क्षणापासून मोजायचा, हे ज्याला विचारायचे त्यालाच आठवत नाही.

मुंबई, पनवेल आणि कामोठे

भारतात मेंदूविज्ञानाची स्वतंत्र दालने स्वातंत्र्यानंतर उभी राहिली. माँट्रियलहून शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरला काम सुरू केले. मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांनी १९५७ पासून जे. जे. रुग्णालयात या विद्याशाखेचा पाया घातला. पहिला एम.आर.आय. देशात आला तो १९८६ साली, दिल्लीच्या 'इन्मास' या संरक्षण संशोधन संस्थेत. मुंबईतील पक्षाघाताची लोकवस्तीवर आधारित मोजणी डॉ. प्र. म. दलाल यांच्या गटाने २००५-०६ मध्ये केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पंचवीस वर्षांवरील दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला पक्षाघात होत होता, आणि दहापैकी जवळपास नऊ रुग्णांत निदानाला सी.टी.चा आधार होता. ज्या शहरात पन्नास वर्षांपूर्वी हा रोग केवळ पाहून आणि हात लावून ओळखला जाई, तेथे प्रतिमा ही आता नित्याची गोष्ट झाली होती. तथापि मोजणीत येण्यासाठी आधी कोणीतरी 'याला पक्षाघात झाला' असा संशय घ्यावा लागतो. वारे न गेलेल्या माणसाबद्दल तो संशय कोण घेणार?

या प्रश्नाला कामोठ्यात विशेष धार येते. पनवेल तालुक्यातील हे मूळचे भातशेतीचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, त्यांत याही परिसराचा समावेश होता. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली झालेल्या जासईच्या आंदोलनाची स्मृती येथील भूमिपुत्रांत अजून ताजी आहे. १९८९ साली महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २००६ साली त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९९८ साली हार्बर मार्गाची गाडी पनवेलपर्यंत आली, मानसरोवर स्थानकाभोवतीच्या सेक्टरांत इमारती उठल्या, आणि २०१६ साली कामोठे पनवेल महानगरपालिकेत गेले. एकाच पिढीच्या आयुष्यात भातखाचरांच्या जागी सदनिका आल्या. मेंदूच्या तज्ज्ञासाठी एकेकाळी मुंबई गाठावी लागणाऱ्या रायगडच्या माणसाला वैद्यकीय महाविद्यालय महामार्गाच्या कडेलाच मिळाले.

यंत्र जवळ आले तेव्हाच साक्षीदार दूर गेला, असे माझे निरीक्षण आहे. जुन्या गावात माणूस कोणाचा, कोणत्या आळीतला, शेतावर केव्हा गेला आणि परतताना कसा वागला हे सांगणारी दहा तोंडे असत. त्यांचे स्पष्टीकरण चकव्याचे असे, पण वेळेची साक्ष पक्की असे: 'न्याहारीला बरा होता, दुपारी ओळख दाखवीना.' आजच्या सेक्टरात निवृत्त गृहस्थ दिवसभर एकटे असतात. मुलगा आणि सून आठच्या लोकलने गेलेली असतात. कल्पना करावी, की असे एक गृहस्थ अकराच्या सुमारास भाजी घेऊन परतताना आपल्याच इमारतीच्या फाटकापाशी थबकले. पहारेकऱ्याला त्यांनी विचारले, 'मी खाली कशाला आलो होतो?' त्याने हसून हातातली पिशवी दाखवली. थोड्या वेळाने त्यांनी तेच विचारले. मुलगा सायंकाळी सातला घरी आला आणि त्याला वडील 'जरा गोंधळलेले' वाटले. रात्री रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, केव्हापासून? मुलाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, 'मी आलो तेव्हापासून.' उत्तम यंत्रावर घेतलेल्या उत्तम चित्रासमोर ही वेळ नोंदली जाईल, आणि ती आठ तासांनी चुकीची असेल. खरी वेळ पहारेकऱ्याला ठाऊक होती. त्याला कोणी विचारले नाही, आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट मोलाची आहे हे त्यालाही माहीत नव्हते.

येथे मानव्यविद्येच्या अध्यापकांना करण्याजोगे काम आहे. परिसरातील वृद्धांकडून आणि प्रकल्पग्रस्त गावांतील जुन्या जाणत्यांकडून 'वारे जाणे', 'चकवा', 'भ्रम' या शब्दांखाली कोणकोणत्या घटना मोडत होत्या, अशा माणसाला प्रथम कोणाकडे नेत आणि तो बरा झाल्यावर त्याच्याविषयी काय बोलले जाई, याच्या नोंदी मराठी आणि इतिहास विभागांचे विद्यार्थी घेऊ शकतात. आगरी बोलीतील शब्द तर नव्या पिढीच्या तोंडून झपाट्याने जात आहेत. ते सांगणारी माणसे आता सत्तरीपुढची आहेत. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी या नोंदी वाचल्या, तर तपासणीच्या खोलीत म्हातारी 'त्याला चकवा लागला होता' असे म्हणेल तेव्हा ते हसणार नाहीत, किती वाजता लागला होता हे विचारतील.

वैद्यकीय इतिवृत्त लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीत रुग्णाचे नाव, वय आणि पत्ता यांच्यानंतर 'माहिती देणारा' अशी एक ओळ असते, आणि तिच्यापुढे रुग्णाशी असलेले त्याचे नाते व त्याची माहिती विश्वसनीय आहे की नाही हे लिहायचे असते. शुद्धीवर असलेल्या, नीट बोलणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेथे बहुधा 'स्वतः' असे लिहून पुढे जातात.